डोस सगळे वेळेवर, तपासणी एकदाही नाही: नौपाड्यातल्या एका स्पिट्झचं प्रकरण

चिकूचं लसीकरणाचं कार्ड अगदी नीटनेटकं आहे. नऊ वर्षांचे सगळे स्टिकर ओळीने लावलेले, प्रत्येकापुढे तारीख, पुढच्या डोसची तारीख लाल शाईने. रेबीजचा एकही डोस चुकलेला नाही. सेव्हन-इन-वन, म्हणजे अनेक आजारांवरची एकत्रित लस, दर जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला. त्याच कार्डावर वजनासाठी एक रकाना आहे आणि तपासणीत काय आढळलं ते लिहायला मागे एक पान. वजनाचा रकाना पहिल्या वर्षानंतर रिकामा आहे. मागचं पान कोरं.

घरच्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने हे प्रकरण लिहितो आहे. ठाण्यात प्रॅक्टिस करताना असं कार्ड आणि असा कुत्रा मला वारंवार भेटतो. डोस पूर्ण, घरचे जिवापाड जपणारे, आणि छातीला स्टेथोस्कोप मात्र कधी लागलेलाच नाही.

चिकू नऊ वर्षांचा नर आहे, पांढरा स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सगळे पॉमेरेनियनच म्हणतात. नसबंदी केलेली नाही. नौपाड्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नववीतली नात. डोस द्यायला दरवर्षी एक गृहस्थ आइस-बॉक्स घेऊन घरी येत. दाराशीच चिकूला धरायचं, सुई टोचायची, स्टिकर लावायचा, पाच मिनिटांत काम संपायचं. चिकूला रिक्षात बसायची भीती, म्हणून घरच्यांना ते सोयीचं वाटायचं.

श्रावणात आजोबा नातीला घेऊन दवाखान्यात आले. गणपतीला सगळे देवगडला गावी जाणार होते आणि चिकूला घोडबंदर रोडवरच्या एका बोर्डिंगमध्ये ठेवायचं ठरलं होतं. त्या बोर्डिंगला पशुवैद्याचं ताजं प्रमाणपत्र हवं होतं.

"फक्त सही पाहिजे, डॉक्टर. डोस जूनमध्येच झालेत."

प्रमाणपत्रावर 'तपासले, निरोगी आढळले' असं छापलेलं असतं. तपासल्याशिवाय ते लिहिता येत नाही, हे मी सांगितलं. आजोबांना ते पटलं, पण त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला बऱ्याचदा विचारला जातो: "आज इंजेक्शन तर नाही, मग तपासायचं काय?"

टेबलावर काय दिसलं

वजन ११.४ किलो. त्याच्या हाडापेराच्या कुत्र्याला नऊ-साडेनऊ किलो पुष्कळ झालं. स्पिट्झच्या दाट केसांखाली जाडी दिसत नाही, हाताला लागते. बरगड्यांवरून तळवे फिरवले तर बरगड्या मोजता यायला हव्यात. चिकूच्या बरगड्या शोधायला बोटं दाबावी लागली. नऊच्या मोजपट्टीवर मी त्याला सात दिले. पाच म्हणजे उत्तम.

ताप नाही. डोळ्यांत वयानुसार येणारी निळसर झाक, मोतीबिंदू नाही. कान स्वच्छ. हिरड्या गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. पण ओठ वर करताच वास आला. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढांवर तपकिरी कीटण, त्याच्या कडेला हिरडीची लाल रेघ, पुढचा एक दात हलत होता. केस भांग पाडल्यासारखे बाजूला करून त्वचा पाहिली. मानेवर आणि कानामागे एकही गोचीड नव्हती. नातीने सांगितलं की पावसाळ्यात येऊरला फिरायला नेतात, म्हणून बोटांच्या बेचक्यांतही पाहिलं. पोट मऊ. दोन्ही वृषणं जागेवर, सारखी, गाठ नाही. प्रोस्टेट किंचित मोठं, दुखरं नाही. नसबंदी न झालेल्या या वयाच्या नरांत ते सर्रास असतं.

मग छाती. डाव्या बाजूला, कोपर टेकतं त्या जागी स्टेथोस्कोप ठेवला. निरोगी हृदयाचे दोन ठोके वेगवेगळे ऐकू येतात आणि मधे शांतता असते. चिकूच्या छातीत ती मधली शांतता नव्हती. पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सलग फुसकारा, ठोक्यांपेक्षाही मोठा. हृदयातल्या अशा आवाजाला मर्मर म्हणतात आणि त्याची प्रत एक ते सहा अशी लावतात. पाचव्या प्रतीला छातीवर ठेवलेल्या तळव्यालाच थरथर जाणवते. इथे थरथर नव्हती, आवाज मात्र मोठा. म्हणजे सहापैकी चार. ठोके मिनिटाला १२८. श्वासाबरोबर ठोक्यांचा वेग थोडा कमीजास्त होत होता. हे चांगलं लक्षण, कारण हृदय थकायला लागलं की हा हेलकावा बहुधा नाहीसा होतो. फुफ्फुसं स्वच्छ.

मी नातीच्या कानांना स्टेथोस्कोप लावला. आधी तिच्या स्वतःच्या हृदयावर, मग चिकूच्या. तिने डोळे मोठे केले आणि म्हणाली, "याच्यात हवा सुटल्यासारखं येतंय."

आजोबांना मी नेहमीचे प्रश्न विचारले. खोकतो का? "कधीकधी घसा खाकरल्यासारखं करतो, पाणी पिल्यावर." फिरायला किती जातो? पूर्वी मासुंदा तलावाला पूर्ण फेरी व्हायची, आता अर्ध्यावर बसतो. घरच्यांनी ते उन्हावर आणि वयावर टाकलं होतं. कधी चक्कर येऊन पडला? नाही. झोपेत धाप? लक्ष दिलं नाही.

इथे घाई करू नये असं मला वाटतं. स्पिट्झसारख्या कुत्र्यांत श्वासनलिका सैल पडूनही खोकला येतो. दोन किलो जास्तीचं ओझं आणि ठाण्याचा दमट उन्हाळा एवढ्यानेही कुत्रा अर्ध्यावर बसेल. प्रत्येक तक्रार मर्मरच्या खात्यावर टाकली तर निदान सोपं होतं, बरोबर होतंच असं नाही. माझ्यापुढे प्रश्न दोन होते. हृदय मोठं झालं आहे का? आणि फुफ्फुसात पाणी आहे का?

मर्मर म्हणजे काय, आणि काय नाही

छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डाव्या बाजूला असा आवाज आला की बहुतेक वेळा मायट्रल झडप झिजलेली असते. डावा वरचा आणि डावा खालचा कप्पा यांच्यामधली ही झडप वयानुसार जाड आणि गाठीगाठीची होते. दार चौकटीत नीट बसेनासं झालं की फटीतून वारा येतो, तसं प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं. त्या उलट्या रक्ताचा आवाज म्हणजे मर्मर. आजार जंतूंचा नाही, संसर्गाचा नाही. दात खराब म्हणून झडप खराब झाली असंही नाही, जरी ही समजूत मी पुष्कळ ऐकतो.

हृदय हे बरीच वर्षं सांभाळून घेतं. कप्पे हळूहळू ताणले जातात. शेवटी सांभाळणं जमेनासं झालं की फुफ्फुसात पाणी साठतं, आणि मग रात्री दोन वाजता धापा टाकणारं जनावर घेऊन लोक दवाखाने शोधत फिरतात. आजाराच्या पायऱ्या ए, बी, सी, डी अशा लावल्या आहेत. सी म्हणजे पाणी साठून गेलं आहे. बीमध्ये मर्मर आहे, लक्षणं नाहीत. बीचेही दोन भाग: हृदय नेहमीच्या मापाचं असेल तर बी-वन, मोठं झालं असेल तर बी-टू. कुत्रा बाहेरून दोन्हीत सारखाच दिसतो. खातो, भुंकतो, दारावरची बेल वाजली की धावतो.

बी-वनला औषध लागत नाही. बी-टूला लागतं. हा फरक जनावराकडे बघून कळत नाही, घरच्यांनाही नाही आणि मलाही नाही.

त्या दिवशी रक्त, लघवी, रक्तदाब आणि एक्स-रे एवढं केलं. आजोबांनी आधी खर्च विचारला, आणि तो विचारायलाच हवा. म्हणून आज कशाने निर्णय बदलेल आणि काय आठवड्याने केलं तरी चालेल, ते वेगवेगळं सांगितलं. रक्तदाब १४५, पहिलं माप सोडून पुढच्या मापांची सरासरी. दवाखान्यात घाबरलेल्या कुत्र्याला हे ठीक. क्रिएटिनिन १.१, लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३५, म्हणजे मूत्रपिंडं काम चोख करत होती. प्लेटलेट पुरेसे होते. गोचीडतापाची आणि हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंतांची, एकत्रित किट निगेटिव्ह. येऊरला जाणाऱ्या कुत्र्यात हे पाहणं मला गरजेचं वाटतं.

एक्स-रेवर हृदय मणक्यांच्या पट्टीने मोजतात. हृदयाची लांबी आणि रुंदी घ्यायची, चौथ्या छातीच्या मणक्यापासून पुढे ठेवायची आणि किती मणके व्यापले ते मोजायचं. साडेदहापर्यंत बहुतेक जातींत ठीक मानतात. चिकूचं माप ११.३ आलं. डावा वरचा कप्पा मागे फुगलेला, त्याने श्वासनलिका वर उचललेली. फुफ्फुसं काळी आणि स्वच्छ, पाणी नाही.

इथे जरा थांबून सांगतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करता येत नसेल तर नुसत्या एक्स-रेवर औषध सुरू करायला २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वाट ठेवलेली आहे. माप ११.५ किंवा जास्त असेल, किंवा आधीच्या एक्स-रेशी ताडून हृदय झपाट्याने वाढताना दिसत असेल तर. चिकू पहिल्या अटीत थोडक्यासाठी बसत नव्हता. दुसरीसाठी जुना एक्स-रे लागतो. तो नव्हताच. एवढंच नाही, मर्मर कधीपासून आहे हेही सांगता येत नव्हतं, कारण गेल्या वर्षी किंवा त्याच्या आदल्या वर्षी कुणी ऐकलंच नव्हतं. चौथ्या प्रतीचा आवाज एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत शून्यातून येईल असं मला वाटत नाही. तो आधी हलका ऐकू आला असता.

तेव्हा ऐकला असता तर चिकू बरा झाला असता का? नाही. झडप झिजणं थांबवणारं औषध नाही, आणि हृदय मोठं होण्याआधी दिलेल्या गोळीचा फायदा दिसलेला नाही. पण त्या वर्षीचा एक एक्स-रे फाइलमध्ये असता, पुढचा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढला असता, आणि बी-वनचं बी-टू कधी झालं ते कळलं असतं. नियमित तपासणीकडून मी एवढ्याचीच अपेक्षा ठेवतो. एका भेटीत चमत्कार होत नाही. मागच्या भेटीशी तुलना करता येते, आणि त्या तुलनेलाच किंमत आहे.

एको पुढच्या आठवड्यात झाला, मुंबईत प्राण्यांच्या हृदयाचं काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे. भूल लागत नाही. कुशीवर झोपवून, पुढचे पाय कुणीतरी हलके धरून ठेवायचे. ते काम नातीने केलं. डावा वरचा कप्पा महाधमनीच्या १.८ पट, जिथे १.६ पासून मोठा मानतात. खालच्या कप्प्याचं वजनाच्या हिशेबातलं माप १.८, सीमा १.७. झडप जाड, कडा गुठळ्यांसारख्या, उलटं जाणारं रक्त स्पष्ट. बी-टू.

"त्याला काही होत नाहीये, मग गोळी कशाला?"

आजोबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, काळजी होती. रोज दोन वेळा, आयुष्यभर, आणि तीही जे जनावर बरं दिसतंय त्याला.

मी त्यांना 'एपिक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा देशांतले ३६० कुत्रे, सगळे चिकूसारखेच: मर्मर आहे, हृदय मोठं आहे, लक्षण एकही नाही. निम्म्यांना पिमोबेंडन, म्हणजे चिकूला द्यायचं तेच औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. फुफ्फुसात पाणी होईपर्यंत किंवा हृदयाने मृत्यू येईपर्यंतचा मध्यगा काळ, म्हणजे निम्म्या कुत्र्यांत ते घडायला लागलेला काळ, औषध न मिळालेल्यांत ७६६ दिवस होता आणि मिळालेल्यांत १,२२८ दिवस. साधारण पंधरा महिन्यांचा फरक. नऊ-दहा वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार मोठे असतात, आणि हे महिने धापा टाकत काढलेले नाहीत, लक्षणांशिवायचे आहेत.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे. मला तरी कुठे काय होतंय?" पुढे मला काही समजवावं लागलं नाही.

डोस वजनावर ठरतो, म्हणून इथे लिहीत नाही. गोळी रिकाम्या पोटी द्यायची, खाण्याच्या तासभर आधी, नाहीतर ती कमी शोषली जाते. आजोबांनी ती स्वतःच्या गोळीच्या वेळेला बांधली: सकाळी सहाला दोघांच्या गोळ्या, मग फेरी, मग खाणं. लघवीची गोळी, जिला सगळे लॅसिक्स म्हणून ओळखतात, ती दिली नाही. नुसता मर्मर ऐकून ती सुरू केलेले कुत्रे मी पाहतो, आणि मला ते पटत नाही. फुफ्फुसात पाणी नसताना तिचा उपयोग नाही आणि मूत्रपिंडांवर ताण मात्र येतो. आजींकडून आणखी एक शब्द घेतला: घरातलं खोकल्याचं औषध किंवा दुखण्याची गोळी चिकूला कधीही द्यायची नाही. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

घरचं काम

नातीला मी एक काम दिलं आणि ते तिने माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं केलं. चिकू गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजायचे. छाती वर आणि खाली मिळून एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचे. फिरून आल्याआल्या नाही, धापा टाकत असताना नाही, स्वप्नात पाय हलवत असताना नाही. मिनिटाला तीसच्या आत हवेत. सलग तीसच्या वर जायला लागले तर फोन, चाळीसच्या वर आणि चिकू बेचैन असेल तर रात्र असली तरी निघायचं. माझ्या अनुभवात हृदयाच्या कुत्र्यासाठी घरी करता येण्यासारखी याहून उपयोगी गोष्ट नाही. यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि पाणी साठायला लागलं तर बहुतेक वेळा हा आकडा खोकल्याच्या आधी वाढतो. तिने जुन्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ, श्वास आणि 'पंखा चालू / बंद' असे रकाने आखले. पंख्याचा रकाना तिला स्वतःलाच सुचला होता. आकडे १८ ते २४ च्या मधे राहिले.

खाण्याचं काम जास्त अवघड गेलं. चिकू काय खातो हे आजोबांनी सांगितलं ते असं: दोन वेळा भात आणि चिकन, "बाकी काही नाही." नातीने मग एक दिवस घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून यादी केली. आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. आजींच्या चहाबरोबर खारी. पोळ्या लाटताना तूप लावलेला तुकडा, प्रत्येक पोळीला नाही पण बऱ्याच पोळ्यांना. बाबांच्या ताटातलं मटणाचं हाड. आईकडून चीजचा तुकडा, कारण पूर्वी गोळ्या त्यात लपवून द्यायची सवय होती. तिच्या स्वतःकडून वेफर्स, हेही तिने लिहिलं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकच तुकडा देतो.

आजी मला म्हणाल्या, "तो बघत बसतो हो समोर. घास उतरत नाही माझा." त्यावर मी त्यांना उपाशी ठेवा असं कसं सांगणार? दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढायचं आणि ज्याला द्यायचं असेल त्याने त्याच डब्यातून द्यायचं, असं ठरवलं. आजींसाठी डब्यात उकडलेली फरसबी आणि गाजर ठेवलं. खारी, वेफर्स, पापड आणि चीज बंद, कारण मोठ्या झालेल्या हृदयाला जास्तीचं मीठ नको. हाड बंद, कारण शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात. मोदकाच्या सारणात बेदाणे घालत असाल तर तेही त्याच्यापासून दूर ठेवा, असंही सांगितलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत आणि गणपतीत ताटं खाली असतात.

बोर्डिंगला मी नाही म्हटलं नाही. बी-टूचा कुत्रा चांगल्या ठिकाणी राहू शकतो. पण प्रमाणपत्रावर मर्मर आणि औषध लिहिणं भाग होतं आणि रोज झोपेतले श्वास तिथे कोण मोजणार हा प्रश्न होताच. शेवटी डोंबिवलीची आत्या आठ दिवस नौपाड्यात येऊन राहिली. नातीने तिच्यासाठी फ्रिजवर सूचनांचा कागद लावला होता.

पुढचे महिने

फेब्रुवारीपर्यंत वजन १०.२ वर आलं. सावकाश, आणि सावकाशच हवं होतं. दात डिसेंबरमध्ये केले. हा क्रम मुद्दाम ठेवला होता. दातांची नीट सफाई भुलीशिवाय होत नाही, कारण आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागा कुत्रा तिथे हात लावू देत नाही. हृदय मोठं असलेल्या कुत्र्याला भूल देता येते, पण आधी तपासून, औषधावर स्थिर करून, सलाइनचा वेग कमी ठेवून आणि संपूर्ण वेळ रक्तदाब, ऑक्सिजन आणि ठोक्यांवर नजर ठेवून. ऑगस्टमध्ये कुणी फक्त तोंडाचा वास म्हणून मर्मर न ऐकता भूल दिली असती आणि सलाइन नेहमीच्या वेगाने सोडलं असतं, तर तोच दिवस धोक्याचा ठरला असता. दोन दात काढावे लागले: तो हलणारा पुढचा आणि एक दाढ, जिच्या मुळाभोवतीचं हाड एक्स-रेवर गेलेलं दिसलं. चिकू तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा खायला लागला. तोंड इतके दिवस दुखत असणार आणि त्याने एकदाही खाणं सोडलं नव्हतं. कुत्री दात दुखतो म्हणून जेवण सहसा सोडत नाहीत, म्हणून "खातोय ना व्यवस्थित" यावर दातांच्या बाबतीत विसंबू नये.

जूनच्या आधी लसींबद्दल आमचं बोलणं झालं. रेबीज ठरल्याप्रमाणे. लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराच्या लसीचं, संरक्षण साधारण वर्षभर टिकतं आणि वंदना टॉकीजच्या परिसरात पावसाळ्यात पाणी तुंबतं हे नौपाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. उंदरांची लघवी मिसळलेल्या त्या पाण्यातून लेप्टो माणसांनाही होतो, म्हणून हा डोस दरवर्षी आणि पावसाच्या आधी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या आजारांच्या लसींचं मात्र वेगळं आहे. लहानपणचे डोस आणि वर्षाचा बूस्टर नीट झालेल्या मोठ्या कुत्र्याला या लसी तीन वर्षांच्या अंतराने पुरतात, असं जागतिक मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. म्हणून त्या वर्षी चिकूला त्या दिल्या नाहीत. आजोबांना आश्चर्य वाटलं. नऊ वर्षं जे दरवर्षी होत होतं त्यातलं काही वगळता आलं, आणि जे कधीच झालं नव्हतं ते आता सहा महिन्यांनी होणार होतं.

घरी येऊन डोस देण्याला माझा विरोध नाही. म्हातारी, घाबरट किंवा आजारी जनावरं घरीच तपासलेली बरी, आणि ठाण्यात घरी जाणारे चांगले पशुवैद्य आहेत. पण तपासणी व्हायला हवी. वजनकाटा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि पंधरा मिनिटं, एवढं सुईच्या आधी. लस दोन ते आठ अंश तापमानात टिकते, तेव्हा बर्फाचा डबा उघडून बघायला संकोच करू नये. आणि कार्डावर नुसती सही नको, पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक हवा. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. चिकूच्या कार्डावर सह्या होत्या, क्रमांक एकाही सहीखाली नव्हता.

दर वर्षी प्रत्येक जनावराचं सगळं रक्त तपासा असं मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या धडधाकट कुत्र्याचे वीस आकडे काढले तर एखादा सीमेबाहेर येतोच आणि मग त्या एका आकड्यामागे घरचे महिनाभर झोप घालवतात. तरुण वयात हात, डोळे आणि कान पुरतात, वर्षातून एकदा. छोट्या जातींना आठव्या वर्षापासून आणि लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्यांना सहाव्यापासून दर सहा महिन्यांनी, आणि तेव्हा रक्त, लघवी व रक्तदाब त्यात घ्यावेत. मांजरांना तर हे जास्तच लागू आहे, कारण मांजर आजार लपवण्यात तरबेज. मूत्रपिंडाच्या आजारातलं मांजर वजन कमी होऊ लागलं तरी केसांमुळे भरलेलं दिसतं, आणि काट्यावर ठेवलं तरच कळतं.

चिकूचा या जूनमधला एक्स-रे ११.२ आला, म्हणजे मापाच्या चुकीएवढाच फरक, हृदय वाढलेलं नाही. मर्मर तितकाच आहे. मूत्रपिंडं ठीक. तलावाला पूर्ण फेरी पुन्हा होते, पण ती वजनामुळे, गोळीमुळे की दोन्हीमुळे, हे मी सांगू शकत नाही. घसा खाकरणं पाणी पिल्यावर अजून होतं, आणि श्वासांचे आकडे स्थिर असल्यामुळे ते श्वासनलिकेचं असावं असं मी धरून चाललो आहे. पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्यायला सांगितला. दिवाळीत फटाक्यांच्या चार दिवसांत श्वास रोज मोजायचे आहेत आणि भीती फार वाटली तर त्यासाठी वेगळी गोळी आधीच ठरवून ठेवली आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुन्हा एको. त्यात वरचा कप्पा वाढलेला दिसला तर तपासणी सहाऐवजी तीन महिन्यांनी करायची, असं घरच्यांशी ठरलं आहे.